दम लागतो म्हणजे किती?

ताप मोजायला तापमापी आहे, वजनाला काटा आहे. पण 'दम लागतो' हे कसे मोजायचे?

सीओपीडी या नावाने ओळखल्या जाणाऱ्या आजारात श्वासनलिका कायमच्या अरुंद होतात. विडी-सिगारेटचा धूर हे त्याचे मोठे कारण. पण वर्षानुवर्षे चुलीच्या धुरात स्वयंपाक केलेल्या, विडीला कधी हातही न लावलेल्या बायकांनाही तो होतो. हा आजार पूर्ण बरा होत नाही. त्यामुळे उपचारांचा उपयोग झाला का, हे 'बरा झाला' या कसोटीवर ठरवता येत नाही.

फुप्फुसांची मोजणी तशी जुनी. जॉन हचिन्सन यांनी आपल्या स्पायरोमीटरची माहिती १८४६ साली प्रसिद्ध केली. आज रुग्णाला छातीभर श्वास घेऊन जोराने फुंकायला सांगतात आणि पहिल्या सेकंदात किती हवा बाहेर पडली ते पाहतात. निदानासाठी हा आकडा हवाच. पण समजा, सारख्याच वयाच्या आणि उंचीच्या दोघांचा आकडा सव्वा लिटर आला. एक जण रोज बाजारातून भाजी आणतो. दुसरा अंघोळ करताना दोनदा थांबतो आणि चारचौघांत खोकल्याची उबळ येईल म्हणून लग्नकार्यालाही जात नाही. दोघांचा आजार सारखाच म्हणायचा का? फुंकण्याचा आकडा आणि रोजच्या जगण्यातला त्रास यांची सांगड बरीच सैल असते.

मग रुग्णालाच विचारायला हवे. पण "बरं वाटतंय ना?" या प्रश्नाला पुष्कळजण डॉक्टरांना बरे वाटावे म्हणूनच 'हो' म्हणतात! इथे आपल्या शिक्षकांच्या ओळखीचे काम सुरू होते, प्रश्नपत्रिका काढण्याचे. कॅनडात गॉर्डन गायट आणि सहकाऱ्यांनी १९८७ साली २० प्रश्नांची प्रश्नावली मांडली. दम, थकवा, मनःस्थिती आणि आजार आपल्या ताब्यात आहे की नाही ही भावना, असे तिचे चार भाग. दम लागणारी, पण आपल्याला महत्त्वाची वाटणारी पाच कामे रुग्णानेच निवडायची, हे तिचे वैशिष्ट्य.

लंडनच्या सेंट जॉर्ज रुग्णालयातील पॉल जोन्स यांची प्रश्नावली १९९२ साली आली. तिच्यात ५० प्रश्न आहेत आणि गुण ० ते १००. मात्र आपल्या परीक्षेच्या उलट, १०० म्हणजे सर्वांत वाईट. सगळ्या उत्तरांना सारखे गुण नाहीत. टेकडी चढताना दम लागण्यापेक्षा कपडे घालताना दम लागण्याला अधिक गुण आहेत. कोणता त्रास किती मोठा, हेही रुग्णांनाच विचारून ठरवलेले आहे. गुण सुमारे ४ ने उतरले, तर रुग्णाला खरोखर जाणवेल असा फरक पडला असे मानतात.

एवढी खटपट कशासाठी? या रुग्णांना काही आठवडे देखरेखीखाली व्यायाम दिला, तर फुंकण्याचा आकडा जवळजवळ तिथेच राहतो. त्यावरच विसंबलो असतो तर व्यायाम निरुपयोगी ठरवून बंद केला असता. प्रश्नावलीचे गुण मात्र स्पष्टपणे सुधारतात. माणूस जास्त चालतो, कमी घाबरतो.

अडचणी आहेतच. सेंट जॉर्जच्या प्रश्नावलीत श्रमाच्या कामांच्या उदाहरणांत गोल्फ येतो. आपल्या खेड्यातल्या आजीला तो विचारून काय कळणार? तिला पाण्याची कळशी उचलण्याविषयी विचारायला हवे. म्हणजे नुसता शब्दशः अनुवाद पुरत नाही. तितक्याच श्रमाचे, इथले काम शोधावे लागते आणि नवी प्रश्नावली रुग्णांवर पुन्हा तपासून घ्यावी लागते.

दुसरा सापळा अधिक फसवा आहे. "जिना चढताना दम लागतो का?" या प्रश्नाला एखादा रुग्ण 'नाही' म्हणतो, कारण जिना चढणे त्याने केव्हाच सोडलेले असते. म्हणूनच 'दम लागतो का' याच्या जोडीला 'कोणती कामे आता करताच येत नाहीत' हेही विचारावे लागते.