गाणं गाजतं, पैसा कुणाला?

ओटिस रेडिंगने लिहिलेलं ‘रिस्पेक्ट’ १९६७ मध्ये अरेथा फ्रँकलिनने गायलं आणि ते तिचंच झालं. पैशाच्या हिशेबात मात्र नाही. अमेरिकेतली एएम-एफएम केंद्रं गीतकार-संगीतकाराला मानधन देतात, गाणाऱ्याला छदामही नाही.

स्ट्रीमिंगमध्ये गायकाला वाटा असतो, पण तो बहुधा रेकॉर्ड कंपनीच्या हातून येतो. ध्वनिमुद्रणाच्या मालकाला एका स्ट्रीममागे साधारण ०.३ ते ०.४ सेंट मिळतात असं धरू. १० लाख वेळा गाणं वाजलं, तर ३ ते ४ हजार डॉलर. साठच्या दशकातल्या करारात गायकाचा वाटा ५ टक्के असेल, तर त्याच्या पदरात दीडशे-दोनशे डॉलर! त्यातून जुनी उचल वळती व्हायची ती वेगळीच.

उपग्रह आणि इंटरनेट रेडिओचं त्यापेक्षा बरं. तिथल्या मानधनाचे ४५ टक्के ‘साउंडएक्स्चेंज’ ही संस्था थेट मुख्य कलाकाराला देते. पण १९७२ पूर्वीच्या ध्वनिमुद्रणांना हा हक्क कायद्याने मिळाला तो २०१८ मध्ये. तोवर स्वतःही गाणाऱ्या रेडिंगला जाऊन पन्नास वर्षं झाली होती. जाहिरात-सिनेमातून एकरकमी पैसे येतात, पण मूळ ध्वनिमुद्रणाचे आधी कंपनीकडे.

म्हणून नुसत्या गाणाऱ्यांची खरी कमाई मंचावरची. अरेथा कार्यक्रमाचे पैसे आधी रोख घ्यायची आणि त्या पैशांची पर्स गाताना नजरेसमोर ठेवायची. तिचा हिशेब चोख होता.