पश्चात्तापाची थकबाकी

मराठी रंगभूमीवर पश्चात्तापाचे अश्रू काही कमी ढळलेले नाहीत. पात्राला आपल्या हातून झालेला अनर्थ उमगतो, तो क्षण नाटककार सारे सामर्थ्य पणाला लावून रंगवतो आणि प्रेक्षकही तेवढ्यापुरते त्याचे अपराध पोटात घालतात. ही जाग इतक्या उशिरा का यावी, हा प्रश्न मात्र नाट्यगृहातून बाहेर पडताना फारसा कोणी विचारत नाही. केवळ अज्ञान हे त्याचे उत्तर नव्हे. ‘एकच प्याला’मधील सुधाकर हा बुद्धिमान वकील आहे; दारूचे परिणाम त्याला कोणी समजावून सांगावयास हवेत असे नाही.

राम गणेश गडकरी यांचे हे नाटक त्यांच्या निधनानंतर, १९१९ मध्ये, गंधर्व नाटक मंडळीने रंगभूमीवर आणले. सनद गेल्याच्या अपमानातून सुधाकर प्याल्याकडे वळतो. घरात येणारा पैसा थांबतो. घर मात्र थांबत नाही, कारण सिंधू लोकांची दळणे दळून ते चालवते. ज्या व्यवहाराची किंमत तिसऱ्याच माणसाला मोजावी लागते, तो करणाऱ्याला नेहमीच स्वस्त वाटतो, हा अर्थशास्त्रातील साधा सिद्धांत. सुधाकराला दिसतो तो प्याल्याचा दाम. बाकीचा खर्च सिंधूच्या हातावरील घट्ट्यांत जमा होत राहतो आणि ती तो कधी बोलून दाखवत नाही. पुढे नशेतल्या प्रहाराने मूल जाते, सिंधू मृत्युशय्येवर पडते, आणि तरीही पोलिसांपुढे ती पतीला वाचवणारी खोटी जबानी देते. तिच्या पातिव्रत्याचे गोडवे पिढ्यान्‌पिढ्या गायिले गेले. त्याच मौनाने सुधाकराची जाग लांबवली, हेही मान्य करावयास हवे. (याचा दोष तिच्या माथी मारणे अन्यायाचे होईल. बोलण्याची मुभा तिला होती कोठे?)

हाच प्रकार घराऐवजी कारखान्यात घडला तर काय होते, ते आर्थर मिलर यांच्या १९४७ सालच्या ‘ऑल माय सन्स’ या अमेरिकन नाटकात दिसते. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात जो केलर याच्या कारखान्यात विमानांच्या इंजिनांचे तडे गेलेले भाग तयार होतात. माल अडवावा तर कंत्राट जाणार, चाळीस वर्षांचा धंदा बुडणार. केलर दूरध्वनीवरून भागीदाराला तडे झाकून माल रवाना करण्यास सांगतो आणि स्वतः आजाराचे निमित्त करून घरी राहतो. एकवीस वैमानिक प्राणास मुकतात. भागीदार तुरुंगात जातो. केलर अपिलात सुटून पुन्हा शेजाऱ्यांबरोबर पत्ते खेळू लागतो.

केलर दुष्ट नाही, आणि या नाटकाची खरी धार तेथेच आहे. जे केले ते मुलांसाठी, अशी त्याची प्रामाणिक समजूत आहे. युद्धात बेपत्ता झालेला त्याचा मुलगा लॅरी त्या जातीचे विमान चालवतच नव्हता, एवढ्यावर तो निश्चिंत असतो. मेलेले एकवीस जण त्याच्या खतावणीत कधी चढलेच नाहीत. अखेरीस लॅरीचे जुने पत्र पुढे येते: बापाचे कृत्य कळल्यावर त्याने जाणूनबुजून मृत्यू पत्करलेला असतो. तोटा स्वतःच्या खात्यावर पडतो तेव्हा कोठे ते वैमानिक केलरला आपली मुले वाटू लागतात.

सुधाकर अखेर विष घेतो. त्याने सिंधूला वा बाळाला काय मिळाले? केलरची गोष्ट तर याहून वाईट आहे, कारण त्याच्या हाती अजून काही देणे फेडण्यासारखे उरले होते. तुरुंगात हजर होण्यासाठी कोट घेऊन येतो, असे सांगून तो घरात जातो, आणि आतून गोळीचा आवाज येतो. भागीदार स्टीव्ह डीव्हर त्या वेळी तुरुंगातच असतो. बापाला अपराधी समजून त्याच्या दोन्ही मुलांनी शिक्षेनंतर त्याला साधे पत्रदेखील धाडलेले नव्हते. न्यायालयात उभे राहून केलरने जो कबुलीजबाब द्यावयाचा, तो दिला जाण्यापूर्वीच पडदा पडतो.