लग्नाचा चौक आणि कॉलेजचं पहिलं वर्ष

डहाणूकर आपल्या तालुक्याचे दोन भाग करतात, बंदरपट्टी आणि जंगलपट्टी. आगर, नरपड, चिखले, घोलवड, बोर्डी ही बंदरपट्टीतली गावं, तिथे चिकूच्या वाड्या आणि समुद्र. रूळ ओलांडून पूर्वेला गेलं की जंगलपट्टी सुरू होते आणि ती तलासरीपर्यंत जाते. तलासरी तालुक्यात दहातली नऊ माणसं आदिवासी, बहुतेक वारली. या सगळ्या मुलखात वारली चित्र दिसत नाही अशी भिंत शोधावी लागते. शाळांची कुंपणं, सरकारी कचेऱ्या, हॉटेलांच्या पाट्या, रिक्षांच्या पाठी, सगळीकडे त्रिकोणी माणसं फेर धरून नाचताना दिसतात. स्नेहसंमेलनात तारपा हे फुंकवाद्य वाजतं, ९ ऑगस्टच्या आदिवासी दिनाच्या मिरवणुकीत तारपा डीजेच्या भिंतीसमोर वाजतो, आणि त्याच तालाची गाणी मोबाइलवर फिरतात. एवढी दृश्यमान असलेली ही संस्कृती एका जागी मात्र कधी उतरत नाही, ती म्हणजे बारावीच्या मुलाची वही. तिथे ती हवी, आणि तीही अभिमानासाठी नव्हे तर विद्यापीठाच्या तयारीसाठी हवी, हे इथे मांडायचं आहे.

तयारी म्हटलं की आपल्याला सीईटीचा क्लास आठवतो. प्रवेश मिळवणं आणि प्रवेश मिळाल्यावर टिकणं या मात्र वेगळ्या गोष्टी आहेत. मुंबई विद्यापीठाच्या कॉलेजात पहिल्या वर्षाला बसलेल्या मुलाकडून अचानक काही नव्या अपेक्षा केल्या जातात. एकाच घटनेबद्दल दोन पुस्तकं वेगळं सांगत असतील तर कोणाचं कशावरून मानायचं, लेखक कोण होता आणि त्याने हे कोणासाठी लिहिलं, आपलं म्हणणं चार पानांत पुराव्यानिशी कसं उभं करायचं. बारा वर्षं गाईडमधली उत्तरं उतरवलेल्या कुठल्याही मुलाला हे जड जातं. पण शहरातल्या मुलाला निदान पुस्तकातला विषय ओळखीचा असतो. पाड्यावरून आश्रमशाळेत आणि आश्रमशाळेतून कॉलेजात आलेल्या मुलीला पद्धतही नवी आणि विषयही परका. दोन्ही ओझी एकदम उचलायला लावण्यापेक्षा आधी ओळखीच्या विषयावर पद्धत शिकवावी, एवढंच हे साधं गणित आहे.

वारली लग्नाचंच उदाहरण घ्या. घरातल्या भिंतीला गेरू लावला जातो, तांदळाचं पीठ पाण्यात कालवून, बांबूच्या काडीचं टोक चावून केलेल्या कुंचल्याने सुवासिनी चौक काढतात. चौकात पालघट देवी, शेजारी छोट्या देवचौकात घोड्यावरचा पंचशिऱ्या. लग्न लावणारी धवलेरी गाणी म्हणते, आणि तिच्या गाण्याशिवाय लग्न लागत नाही. कॅलेंडरवर छापलेलं वारली चित्र पाहणाऱ्याला यातलं काही ठाऊक नसतं, ठीक आहे. पण वारली मुलीलाही शाळेने हे कधी विचारलेलं नसतं: चौक बायकाच काढत होत्या, तर आज प्रसिद्ध वारली चित्रकारांत पुरुषांचीच नावं का? उत्तर शोधायला १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला जावं लागतं. चित्रकार भास्कर कुलकर्णी डहाणूच्या पाड्यांवर कागद आणि रंग घेऊन आले, आणि गंजाडच्या जिव्या सोमा मशे यांचं काम बाहेरच्या जगाला दिसलं. मशे लग्नाची वाट न पाहता रोज चित्र काढत. विधीतून सुटलेलं चित्र कागदावर आलं, कागदावरून बाजारात गेलं, आणि बाजारात सहीला किंमत असते. मशे यांना २०११ मध्ये पद्मश्री मिळाली, २०१८ मध्ये ते गेले. धवलेरीच्या गाण्याला सही कुठे करणार? स्त्रियांचं सामूहिक काम पुरुषाच्या एकट्याच्या नावावर कसं जातं, हा समाजशास्त्रातला भारदस्त प्रश्न इथे भिंतीवरच लिहिलेला आहे.

याच लग्नाची दुसरी बाजू अधिक कडू आहे. लग्नाच्या खर्चासाठी सावकाराकडून कर्ज घ्यायचं आणि ते फेडायला नवराबायकोने त्याच्याकडे राबायचं, अशा माणसाला लग्नगडी म्हणत. वेठ आणि लग्नगडी या दोन प्रथांवर १९४५ मध्ये वारल्यांनी घाव घातला. २३ मे १९४५ रोजी तलासरीजवळच्या झरी गावात सभा झाली, शामराव आणि गोदावरी परुळेकर यांच्या किसान सभेचा लाल बावटा पाड्यापाड्यांवर गेला. १० ऑक्टोबरला तलवाड्याला पोलिसांनी गोळीबार केला. त्यात जेठ्या गांगडसह पाच जण मेले. पाचशे पौंड गवताच्या कापणीला अडीच रुपये मिळावेत, ही त्या काळातली एक मागणी. आता योगायोग पाहा. याच १९४५ साली के. जे. सावे यांचं वारल्यांवरचं इंग्रजी पुस्तक मुंबईत प्रसिद्ध झालं. गोदावरीबाईंचं ‘जेव्हा माणूस जागा होतो’ त्यानंतर पंचवीस वर्षांनी, १९७० मध्ये आलं आणि १९७२ मध्ये त्याला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. एक मानववंशशास्त्राचं पुस्तक, दुसरं लढ्यातल्या नेतृत्वाचं, आणि दोन्ही लेखक जमातीबाहेरचे. तिसरा पुरावा छापलेला नाही. तो पाड्यावर म्हटल्या जाणाऱ्या गाण्यांत आणि म्हाताऱ्यांच्या बोलण्यात आहे. हे तीन पुरावे शेजारी ठेवून ‘लग्नगडी’ या एका शब्दावर आठ पानं लिहायला सांगितली, तर त्या मुलीने इतिहास, अर्थशास्त्र आणि पुराव्याची पारख एकदम केलेली असेल. शिवाय चौक आणि कर्ज एकाच मांडवात होते, हे तिच्या लक्षात येईल. ते कुठल्याही कॅलेंडरवर छापलेलं नसतं.

ही कल्पना डहाणूला अगदीच नवी नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डीला काम सुरू केलं आणि १९५७ मध्ये त्या कोसबाडच्या टेकडीवर गेल्या. माँटेसरीच्या महागड्या साधनांच्या जागी शंख, बिया, पानं, काड्या आल्या. मूल शाळेत येईना तर अंगणवाडी त्याच्या अंगणात गेली, गुरं राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा कुरणात भरली. त्यामागचं तत्त्व असं, की मुलाच्या हाताखालची वस्तू हेच शिकण्याचं साधन. महाराष्ट्राने ते बालवाडीपुरतं आनंदाने स्वीकारलं आणि पहिलीच्या उंबऱ्यावर सोडून दिलं. सतराव्या वर्षी ते अधिक लागतं असं कोणाला वाटलंच नाही.

ऑस्ट्रेलियात ते वाटलं. तिथल्या आदिवासी तरुणांसाठी अनेक विद्यापीठं प्रवेशाआधीचे तयारीचे वर्ग चालवतात. न्यूकॅसल विद्यापीठाचा यापुग हा त्यांपैकी एक. ॲडलेडमध्ये १९७० च्या दशकात आदिवासी संगीताचं केंद्र उभं राहिलं आणि त्या शहराच्या विद्यापीठाचा भाग बनलं. तिथल्या विद्यार्थ्यांनी ‘नो फिक्स्ड ॲड्रेस’ हा रेगे बँड काढला आणि १९८१ च्या ‘राँग साइड ऑफ द रोड’ या चित्रपटात त्यांनी पोलिसांशी रोज होणारी गाठ पडद्यावर मांडली. तिथे ‘संस्कृती’मध्ये प्राचीन विधी होते तसं विजेचं गिटारही होतं. आपल्याकडे आदिवासी संस्कृती म्हटलं की १९४५ च्या आधीचं काहीतरी शोधायची सवय आहे. मोबाइलवरचं तारपा-डीजे गाणं ऐकलं की जाणकार नाक मुरडतात. पण २०१० च्या दिवाळीत कोका-कोलाने जाहिरातीत वारली चित्रं वापरली, २०१४ मध्ये वारली चित्रकलेला भौगोलिक निर्देशांकाची नोंदणी मिळाली, आणि दोन्हींमध्ये दडलेला प्रश्न, चित्र कोणाचं आणि पैसा कोणाचा, हा आजच्या पोरांचाच प्रश्न आहे. कायद्याच्या पहिल्या वर्षाच्या वर्गात तो जसाच्या तसा चालेल.

अशा शिकण्याने फरक पडतो याचा मोजलेला पुरावा आहे, तो सॅन फ्रान्सिस्कोचा. तिथे नववीच्या, गुणांत मागे पडलेल्या मुलांना त्यांच्या समाजाच्या इतिहास-संस्कृतीचा विषय देण्यात आला. टॉमस डी आणि एमिली पेनर यांच्या २०१७ च्या अभ्यासानुसार या मुलांची हजेरी २१ टक्के बिंदूंनी वाढली आणि चारच्या मोजपट्टीवर सरासरी गुणांक १.४ ने. आकडे डोळे दिपवणारे आहेत, म्हणूनच जपून घ्यावेत. प्रयोग मोजक्या शाळांतला होता, शिक्षक तयारीचे आणि मनापासून शिकवणारे होते. तोच अभ्यासक्रम परिपत्रक काढून तीनशे आश्रमशाळांत पाठवला तर तोच आकडा येईल असं मानणं भाबडेपणाचं. पण गुण वाढले ते इतर विषयांतही, आणि वाड्यावस्तीवरच्या पालकांची मुख्य शंका नेमकी हीच असते: यात वेळ घालवला तर गणित-इंग्रजीचं काय?

ही शंका हसण्यावारी नेण्यासारखी नाही. चिकूच्या वाडीत मजुरीला जाणारा बाप पोरीला नर्सिंगला पाठवायचं म्हणत असेल, तर त्याला तारप्याचं कौतुक सांगणं उर्मटपणाचं ठरेल. नीटमध्ये तारपा येत नाही, येणारही नाही. म्हणून हा विषय गणिताच्या जागी नको, आठवड्याला तीन-चार तास पुरतात. आणि तारपा हा विज्ञानालाही वर्ज्य नाही. वाळवलेला दुधी, बांबूच्या नळ्या, ताडाच्या पानांचा भोंगा, आणि सूर तुटू न देता श्वास घ्यायची वादकाची हातोटी. हवेचा स्तंभ आणि अनुनाद शिकवायला प्रयोगशाळेतली काचेची नळी कशाला हवी?

दुसरा आक्षेप जास्त सूक्ष्म आहे. आदिवासी मुलांना आदिवासीपणच शिकवलं तर आपण त्यांना संग्रहालयात बसवतो, असं म्हटलं जातं. विषय प्रदर्शनासारखा शिकवला तर हे खरंच होईल, आणि स्नेहसंमेलनाचा तारपा आज तेच करतो. प्रश्न विचारत शिकवला तर होणार नाही. १९०५ च्या भाषिक सर्वेक्षणात ग्रिअर्सनने वारलीला मराठीची बोली ठरवलं. ते मान्य करायचं की नाही, कोणत्या पुराव्यावर, बोली म्हणण्यात कोणाचा फायदा, यावर वाद घालणारी मुलगी संग्रहालयातली वस्तू राहत नाही. शिवाय त्या वर्गात वारलीच असतील असं नाही. मल्हार कोळी, धोडिया, दुबळा, कातकरी असतील, आगर-नरपडच्या बंदरपट्टीतली मांगेला पोरं असतील. पुरावा तोलायला शिकताना दुसऱ्याचं लग्न आणि आपलं लग्न शेजारी ठेवून पाहता येतं.

तिसरा आक्षेप स्वतः समाजातूनच येऊ शकतो, आणि त्याला माझ्याकडे पूर्ण उत्तर नाही. प्रत्येक गोष्ट वहीत उतरवायची असते का? मध्य ऑस्ट्रेलियात पापुन्या इथे १९७१ मध्ये जेफ्री बार्डन या शाळाशिक्षकाच्या प्रोत्साहनाने वडीलधाऱ्यांनी चित्रं काढायला सुरुवात केली. आपल्याकडे कुलकर्णी डहाणूला आले तो काळ जवळपास तोच. पापुन्याच्या सुरुवातीच्या चित्रांत गुप्त विधींच्या खुणा उघड झाल्या, त्यावर आदिवासी समाजातून राग उठला, आणि पुढे त्या खुणा गाळल्या किंवा ठिपक्यांखाली झाकल्या गेल्या. धवलेरीने एखादं गाणं सांगायला नकार दिला तर नकाराची नोंद करायची आणि गाणं सोडून द्यायचं, हेही संशोधनाचंच शिक्षण. परवानगी घेणं पहिल्या वर्षाआधी शिकलेलं बरं, पीएच.डी.पर्यंत पोहोचलेल्या पुष्कळांना ते येत नाही.

उरतो प्रश्न शिकवणार कोण हा. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२३ मध्ये सांगितलं, की भारतीय ज्ञानपरंपरेचे विषय एकूण श्रेयांकांच्या किमान पाच टक्के घ्यायला विद्यार्थ्यांना उत्तेजन द्यावं. या नावाखाली वेद, आयुर्वेद आणि शुल्बसूत्रं झटकन आठवतात, धान्यदेवी कणसरीची कथा गाणारा घांगळीवाला आठवत नाही. त्याच वर्षी आयोगाने कलाकार आणि कारागिरांना निवासी शिक्षक म्हणून नेमण्याची मार्गदर्शक तत्त्वंही काढली, म्हणजे पदवी नसलेल्या धवलेरीला तलासरीच्या कॉलेजात मानधनावर बोलावण्याची वाट कागदावर तरी मोकळी आहे. अडचण वेळापत्रकाची आहे. कॉलेजचं दुसरं सत्र उन्हाळ्यात संपतं, तेव्हा पाड्यांवर लग्नसराई चालू असते आणि धवलेरी एका मांडवातून दुसऱ्या मांडवात जात असते. तारपा भाताच्या कापणीनंतर वाजतो, आणि ऐन दिवाळीच्या आसपास पहिल्या सत्राची परीक्षा असते. वर्ग भरवायचा तर तो पाड्यावर, मांडवाशेजारी, चौक अजून ओला असताना भरवावा लागेल, आणि परीक्षेच्या तारखा त्याप्रमाणे हलवाव्या लागतील.