नौकेवरील सोबती

शिडाच्या लहान नौकेंतून किनाऱ्याकिनाऱ्यानें प्रवास करावयाचा, तर सोबती कसे निवडावे? केवळ दंडांतील बळ पाहून भागत नाहीं, असें आम्हांस वाटतें. कोंकणकिनाऱ्यावर हिंवाळ्यांत दुपारीं खारे वारे वाहतात, रात्रीं मतलई. दोहोंचा लाभ घ्यावयाचा, तर पाळीपाळीनें जागावें लागतें. मध्यरात्रीं हांक येतांच कुरकुर न करतां उठणारा व तांडेलाचा शब्द मानणारा, तोच खरा सोबती. २०१७ सालीं गोव्याहून ‘तारिणी’ नौकेवर निघालेल्या नौदलाच्या सहा स्त्री-अधिकारी पृथ्वीप्रदक्षिणा करून २०१८ सालीं परतल्या. तत्पूर्वीं त्यांनीं दूरदूरचे सराव-प्रवास केले होते. घरांतील मुलानें वा मुलीनें अशा प्रवासाची परवानगी मागितल्यास वडीलधाऱ्यांनीं एकदम नकार देऊं नये. याच मंडळींसह जवळच्या बंदरापर्यंत एक रात्र काढली आहे काय, एवढें अवश्य विचारावें.