पडदा सोडा, काठ बघा

उत्तर प्रदेशातल्या जेवरच्या चिप प्रकल्पाची बातमी आली आणि विदर्भात पुन्हा तोच सूर लागला: आमच्या तोंडचा घास गेला. सूर अगदीच बिनबुडाचा नाही. वेदान्त समूहाच्या ट्विनस्टारने २०१६ मध्ये नागपूरजवळ बुटीबोरीत एलसीडी पॅनेलचा कारखाना काढायचा करार राज्य सरकारशी केला होता. तो कागदावरच राहिला. २०२२ मध्ये वेदान्त-फॉक्सकॉनचा प्रकल्प पुण्याजवळच्या तळेगावला येणार म्हणता म्हणता गुजरातेत गेला, आणि जुलै २०२३ मध्ये फॉक्सकॉनने तिथूनही अंग काढून घेतलं. एवढं रामायण होऊन पडदा ना इथे बनला, ना तिथे.

मे २०२५ मध्ये केंद्राने मंजूर केलेल्या एचसीएल-फॉक्सकॉनच्या ३,७०० कोटींच्या जेवर प्रकल्पातही पडदा बनणार नाही. तिथे बनायची आहे ती पडद्याला हाकणारी डिस्प्ले ड्रायव्हर चिप. हळहळायचंच असेल तर विदर्भाने काचेसाठी नाही, या चिपच्या आराखड्यासाठी हळहळावं.

नागपूर-रायपूर महामार्गाला गोंदियाचा रस्ता मिळतो तो कोहमाऱ्याचा चौक. अशा नाक्यावरच्या दुकानात टीव्ही उघडला की पॅनेलच्या कडेला तपकिरी फिल्मच्या पट्ट्या दिसतात आणि प्रत्येक पट्टीवर काडीसारखी एक बारीक काळी चिप. हीच चिप-ऑन-फिल्म, म्हणजे सीओएफ. पडद्यावर उभी रेघ आली की मेकॅनिकचं वाक्य ठरलेलं: ‘पॅनल चांगला आहे भाऊ, सीओएफ गेला. बॉन्डिंगले नागपूरले पाठवा लागते.’ कोट्यवधींच्या कारखान्यातून आलेली काच ठणठणीत, आणि टीव्ही बंद तो काठावरच्या काडीपायी.

या काडीला घाई किती? फुल एचडी पडद्यावर १,०८० ओळी असतात. सेकंदाला ६० चित्रं म्हणजे एका ओळीच्या वाट्याला सुमारे १५ मायक्रोसेकंद. फोर-के पडद्यावर ओळी २,१६० आणि चित्रं १२०, म्हणजे चार मायक्रोसेकंदही नाहीत. तेवढ्यात ११,५२० उभ्या तारांवर नेमका व्होल्टेज पोचायला हवा. झाडीपट्टीतल्या धानाच्या शेतकऱ्याला ही अडचण समजावून सांगावी लागणार नाही. तोंडाशी असलेल्या बांधीला पाणी लगेच मिळतं, टेलच्या माणसापर्यंत पोचेपर्यंत पाळी संपते. तारेचा रोध आणि तिच्यात साठणारा विद्युतभार मिळून दूरच्या ठिपक्याचं तेच करतात.

उपाय आहेत. तार ॲल्युमिनियमऐवजी तांब्याची करा. ओळ उघडणारा सिग्नल दोन्ही टोकांनी द्या. सुरुवातीला गरजेपेक्षा जास्त व्होल्टेजचा धक्का देऊन मग तो खाली आणा. पण घाईला करंट लागतो, करंटने चिप तापते, आणि पातळ फिल्मवर उष्णता जाणार कुठे? म्हणून हुशार डिझायनर प्रत्येक तारेला व्होल्टेज पुरवणाऱ्या बफरला एरवी अर्धवट झोपवतो आणि मोठी उडी मारायची वेळ आली तरच क्षणभर भरपूर करंट देतो. शेजारच्या दोन तारांत काही मिलिव्होल्टचा फरक राहिला तरी डोळ्याला पट्टा दिसतो, हे सांभाळून.

वेग गणितातूनही मिळतो, आणि ते दाखवणारा माणूस आपल्याच देशातला. बंगळुरूच्या रामन संशोधन संस्थेतले टी. एन. रुक्मांगदन. प्रत्येक ठिपक्यामागे ट्रान्झिस्टर नसलेल्या त्या काळच्या पडद्यांची गोची आल्ट आणि प्लेश्को यांनी १९७४ मध्ये मांडली होती: ओळी वाढतात तसा पेटलेल्या आणि विझलेल्या ठिपक्याच्या व्होल्टेजमधला फरक आटतो. २४० ओळींना तो सात टक्केही उरत नाही. त्यात द्रव स्फटिक चपळ घेतला तर दोन झटक्यांच्या मधल्या वेळात तो आधीचा झटका विसरतो आणि चित्र फिकटतं. म्हणजे चपळाईच आड येते. रुक्मांगदन यांनी १९८० च्या दशकात ‘एका वेळी एकच ओळ’ हा नियमच मोडला. एकमेकांत न मिसळणारे सिग्नल वापरून अनेक ओळी एकदम निवडायच्या, म्हणजे ठिपक्याला एक मोठा झटका बसण्याऐवजी चित्रभर विखुरलेले छोटे झटके मिळतात. पुढे ट्रान्झिस्टरवाले पडदे स्वस्त झाले आणि टीव्हीत या पद्धतीला जागा उरली नाही, हे खरं. पण असं काम भारतात, कारखान्याशिवाय झालं, हे आपल्या औद्योगिक भाषणांत कधी ऐकू येत नाही.

ड्रायव्हर चिपमधल्या बड्या नावांत तैवानच्या नोव्हाटेक आणि हायमॅक्स येतात. दोघींकडे स्वतःचा वेफर कारखाना नाही. आराखडा त्यांचा, भट्टी दुसऱ्याची. या चिपला अतिप्रगत तंत्रज्ञानही लागत नाही. टाटांच्या धोलेऱ्यातल्या २८ ते ११० नॅनोमीटरच्या कारखान्याच्या यादीतही ती आहे. भट्ट्या येताहेत, आराखडे कुणाचे भाजायचे हा प्रश्न उरतो.

केंद्राच्या ‘चिप्स टू स्टार्टअप’ योजनेत ८५,००० अभियंते घडवायचे आहेत. डिझाइनशी जोडलेल्या प्रोत्साहन योजनेत खर्चाचा निम्मा वाटा, एका अर्जाला १५ कोटींपर्यंत, सरकार उचलतं. नागपूरच्या व्हीएनआयटीत व्हीएलएसआयचं, म्हणजे चिपच्या आराखड्याचं, पदव्युत्तर शिक्षण आहे. तरीही आपल्याकडे मोर्चे निघतात ते जमिनीवरच्या कारखान्यासाठी, आणि अंतिम वर्षाच्या प्रकल्पांत तीच ती एलईडी लुकलुकत राहते. विद्यार्थ्यांना चार मायक्रोसेकंदांत तार भरून दाखवणारा, तरी न तापणारा बफर करायला सांगा. त्यासाठी सामंजस्य करार लागत नाही, मंत्र्यांची तारीखही लागत नाही.