वाचता येत नाही, पण ढ नाही!

संध्याकाळी पुस्तक उघडले की त्याचे पोट दुखू लागते. वय आठ, इयत्ता तिसरी. ऐकलेली गोष्ट तो आजीला जशीच्या तशी सांगतो, तोंडी हिशेब झटपट करतो. पण धडा वाचायला बसवले की 'घर'चे 'धर' होते, 'भात'चा 'मात' होतो आणि पहिल्या ओळीत कसाबसा वाचलेला शब्द तिसऱ्या ओळीत अनोळखी वाटतो. घर जबलपूरच्या गोहलपूरमधले असो की पुण्याच्या सदाशिव पेठेतले, अशा मुलावरचे शेरे ठरलेलेच: लक्ष नाही, आळशी आहे, ढ आहे.

खरे तर तो ढ नसतो. १८९६ साली प्रिंगल मॉर्गन या इंग्रज डॉक्टरांनी पर्सी नावाच्या चौदा वर्षांच्या मुलाची हकिगत प्रसिद्ध केली. सगळे शिक्षण तोंडी असते, तर हा शाळेतला सर्वांत हुशार मुलगा ठरला असता, असे त्याच्या मास्तरांचे मत होते. सव्वाशेहून अधिक वर्षे लोटली, तरी आपल्याकडे अशा मुलांना छडी किंवा जादा शिकवणीच मिळते!

डिस्लेक्सिया हा डोळ्यांचा दोष नाही. शब्दातले आवाज सुटे करून ते अक्षरांशी जोडण्याचे काम मेंदूला जड जाते. तो अनेकदा घराण्यात चालत येतो. मुलाचे निदान झाल्यावर वडिलांना आपली शाळा आठवते, असेही घडते. आपल्या लिपीचीही एक गंमत आहे. 'कि' लिहिताना वेलांटी आधी येते, उच्चारताना मात्र 'क' आधी. रफार तर पुढच्या अक्षराच्या डोक्यावर जाऊन बसतो. सहाव्या वर्षी थोडा गोंधळ सगळ्यांचाच होतो. तो तिसरीतही कमी झाला नाही, तर मात्र तपासणी करावी.

गोहलपूरमधल्या मराठी घरातील मुलाला घरी मराठी, शाळेत हिंदी आणि वर इंग्रजी. दोन-तीन भाषांमुळे डिस्लेक्सिया होत नाही, पण तो लपतो. 'भाषेमुळे मागे पडतोय' असे म्हणून वर्षे निघून जातात. हिंदीत 'शिक्षा' म्हणजे शिक्षण, मराठीत दंड. या मुलाला दोन्ही एकच वाटत असतील.

वाचेचा उपचार कशाला?

"तो बोलतो तर स्वच्छ, मग स्पीच थेरपी कशाला?" असे आईवडील विचारतात. पण वाचनाचा पाया ऐकण्या-बोलण्यातच असतो. थेरपिस्ट आधी पुस्तक बाजूला ठेवतात. 'कमळ'मधून 'क' काढला तर काय उरले? 'पाणी'शी जुळणारा शब्द कोणता? 'का' आणि 'कि' यांत काय बदलले? असे खेळ रोज थोडा थोडा वेळ चालतात. मग आवाज आणि अक्षर यांची जोडी घातली जाते. ताटात रवा पसरून अक्षर मोठ्याने उच्चारत बोटाने गिरवणे हे तर आईलाही जमेल. भेंड्या खेळणे, गोष्ट वाचून दाखवणे हेही कामाचे. यात विशेष शिक्षकाची जोड हवीच. डिस्लेक्सिया पूर्ण जात नाही, पण वाचन नक्की सुधारते. रंगीत चष्मे आणि बुद्धिवर्धक टॉनिक यांवर पैसे घालवू नयेत.

सुरुवात कान आणि डोळे तपासून करावी, मग मानसशास्त्रज्ञांकडे जावे. २०१३ साली पालघर येथून सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात अध्ययनातील अडचणींचाही समावेश आहे. जिल्हा रुग्णालयात त्याची चौकशी करता येते. महाराष्ट्राने १९९६ मध्येच अशा मुलांना परीक्षेत सवलती दिल्या. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने तर अध्ययन अक्षमता देशभर मान्य केली. प्रमाणपत्र साधारणपणे आठव्या वर्षानंतर मिळते. त्यावर जादा वेळ, लेखनिक अशा सवलती मागता येतात. मात्र आवाजांच्या खेळांना प्रमाणपत्र लागत नाही, ते पाचव्या वर्षीही सुरू करता येतात.