तोटा कुणाच्या माथी?

केंब्रिज विद्यापीठातले संगणक-सुरक्षेचे प्राध्यापक रॉस अँडरसन यांच्या कामाचा मागोवा घेताना बहुतेक जण ‘सर्पंट’पासून सुरुवात करतात. एली बिहाम आणि लार्स क्नुडसेन यांच्यासोबत त्यांनी रचलेली ही एन्क्रिप्शनची पद्धत २००० साली अमेरिकी सरकारने घेतलेल्या स्पर्धेत दुसरी आली. काम मोठंच, पण मला अँडरसन उमगतात ते एटीएमच्या रांगेत.

केंब्रिजमधून पदवी घेऊन ते आधी विमानांच्या इलेक्ट्रॉनिक्समध्ये आणि मग बँकांच्या संगणक-सुरक्षेत रमले. १९९२ मध्ये पीएच.डी.साठी रॉजर नीडहॅम यांच्याकडे परतले, तेव्हा बँकांचं आतलं चित्र त्यांना पाठ होतं. १९९३ च्या निबंधात त्यांनी ते मांडलं. एटीएममधून ग्राहकांचे पैसे जात होते ते कुणी एन्क्रिप्शन फोडल्यामुळे नव्हे. पिनचं पाकीट टपालात गहाळ होई, बँकेतलाच कुणी दुसरं कार्ड काढून घेई, नाहीतर प्रोग्रॅमच सदोष असे.

त्याहून महत्त्वाचा प्रश्न त्यांनी पुढे विचारला : नुकसान सोसतो कोण? अमेरिकेत ग्राहकाची चूक सिद्ध करायची ती बँकेने. ब्रिटनमध्ये ‘आमची यंत्रणा चुकत नाही’ असं सांगून ग्राहकाला वाटेला लावत. परिणाम असा की ब्रिटिश बँकांचा सुरक्षेवर खर्च जास्त आणि फसवणूकही जास्त. तक्रार करणाराच खोटा ठरत असेल, तर बँकेतले लोक गाफील राहणारच.

केंब्रिजशायरमधल्या एका पोलीस शिपायाने हे भोगलं. सुट्टीहून परतल्यावर खात्यातून पैसे गेलेले दिसले, म्हणून त्याने तक्रार केली, तर फसवणुकीचा खटला त्याच्यावरच उभा राहिला आणि १९९४ मध्ये तो दोषी ठरला. अपिलात अँडरसन बचाव पक्षाचे तज्ज्ञ होते. बँकेने आपली यंत्रणा त्यांना तपासू दिली नाही. मग न्यायालयाने बँकेचा संगणकीय पुरावाच बाजूला ठेवला, आणि १९९६ मध्ये शिपाई निर्दोष सुटला. प्राध्यापकाने कोर्टाची पायरी चढावी ती अशासाठी.

२००१ मध्ये त्यांनी सुरक्षेचं अर्थकारण मांडणारा निबंध लिहिला आणि त्यातून अभ्यासाची एक नवी शाखाच उभी राहिली. ‘सिक्युरिटी इंजिनिअरिंग’ हा त्यांचा जाडजूड ग्रंथही त्याच वर्षीचा. २००९ मध्ये शिशिर नागराज यांच्यासोबत लिहिलेल्या अहवालात त्यांनी दलाई लामांच्या कार्यालयाच्या संगणकांत झालेली घुसखोरी उलगडून दाखवली.

२०१० मध्ये त्यांच्या गटाने चिपच्या कार्डातली खोट जाहीर केली. चोरलेलं कार्ड आणि दुकानातलं यंत्र यांच्यामध्ये एक उपकरण बसवलं, की कोणताही पिन दाबला तरी यंत्राला तो बरोबर वाटे. यावरचा एका विद्यार्थ्याचा प्रबंध संकेतस्थळावरून काढा, असं ब्रिटनमधल्या कार्ड कंपन्यांच्या संघटनेने विद्यापीठाला लिहिलं. अँडरसन यांनी साफ नकार दिला, आणि प्रबंध विभागाचा तांत्रिक अहवाल म्हणूनही प्रसिद्ध करायचं ठरवलं. गुरूने शिष्याच्या पाठीशी उभं राहावं ते असं.

२८ मार्च २०२४ रोजी, वयाच्या ६७ व्या वर्षी ते गेले.

त्यांचा प्रश्न आपल्याकडेही आहेच. ग्राहकाने न केलेल्या इलेक्ट्रॉनिक व्यवहारांत त्याची चूक सिद्ध करायची जबाबदारी रिझर्व्ह बँकेने जुलै २०१७ च्या परिपत्रकात बँकांवर टाकली. तेव्हा खात्यातून असे पैसे गेलेले दिसले, तर गप्प बसू नका. त्याच दिवशी बँकेला कळवा आणि तक्रारीचा क्रमांक मागून घ्या.